आरारूट, मरांटा, कॅलाथिया : पानांच्या कडा पुन्हापुन्हा का करपतात आणि त्यावर काय करावे

रोपवाटिकेतून आणलेले मरांटा किंवा कॅलाथिया सुरुवातीचे काही महिने छान राहते. मग एखाद्या पानाचा शेंडा तपकिरी होतो. तो कापून टाकावा, तर शेजारच्या पानाची कड वाळू लागते आणि उन्हाळा संपेपर्यंत झाडावर एकही अखंड हिरवे पान उरत नाही. कंदासाठी लावलेल्या आरारूटाचेही असेच होते, पण ते झाड मुळात दणकट असल्यामुळे तिकडे लक्ष उशिरा जाते. आरारूट, पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचे शोभेचे आरारूट, मरांटा, कॅलाथिया, टेनॅन्थे आणि स्ट्रोमॅन्थे ही सगळी मरांटेसी या एकाच कुळातली झाडे आहेत. अमेरिका खंडातल्या उष्ण, दमट जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढण्याची त्यांना सवय आहे, आणि कड करपण्याच्या बाबतीत त्या सर्वांचे दुखणे थोड्याफार फरकाने सारखेच असते.

या तक्रारीवर सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे पानांवर पाणी फवारा आणि कुंडीखाली ओल्या खड्यांचे ताट ठेवा. हवेतल्या दमटपणाचे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक घरांत खरा दोष कुंडीत ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा असतो आणि हवेचा क्रम त्याच्यानंतर लागतो. मुंबई-ठाण्याची हवा वर्षातले बरेच महिने दमट असते. तरीही टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या तिथल्या इमारतींत कॅलाथियाच्या कडा करपतातच. दोष फक्त कोरड्या हवेचा असता, तर ही तक्रार पुणे, नाशिक, नागपूर यांच्यापुरती राहिली असती.

कड का करपते हे समजून घेतले की पुढचे उपाय लक्षात ठेवणे सोपे जाते. मुळांनी शोषलेले पाणी देठातून पानात येते, शिरांमधून कडेपर्यंत पोहोचते आणि तिथून वाफ होऊन उडून जाते. पाण्यात विरघळून आलेले क्षार मात्र उडत नाहीत. ते पानाच्या शेवटच्या टोकाशी आणि कडेशी साचत राहतात, आणि त्यांचे प्रमाण वाढले की तिथल्या पेशी मरतात. या कुळातल्या काही झाडांच्या पानांच्या टोकाशी पहाटे पाण्याचा बारीक थेंब लोंबताना दिसतो. हे दव नसते, झाडानेच बाहेर टाकलेले पाणी असते. तो थेंब सुकला की त्यातले क्षार शेंड्यावरच राहतात. साधा सोडियमयुक्त क्षार, क्लोरीन, फ्लोराइड आणि जास्त झालेले खत यांतले काहीही असले, तरी परिणाम बाहेरून जवळजवळ सारखाच दिसतो.

डाग कुठून सुरू झाला ते पाहावे

उपाय करण्याआधी पान उजेडात धरून नीट पाहावे. क्षारांमुळे करपलेली कड अरुंद, गडद तपकिरी आणि कुरकुरीत असते. ती शेंड्यापासून सुरू होऊन कडेकडेने खाली उतरते, आणि मेलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये पिवळसर रंगाची बारीक रेघ दिसते. क्षार हळूहळू साचत असल्यामुळे हे आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. कोरड्या हवेचा फटका मात्र नव्या पानाला अधिक बसतो. सुरळीतून बाहेर येतानाच त्याची कड वाळलेली असते, किंवा सुरळी अर्धी उलगडून तिथेच अडकते आणि जबरदस्तीने सोडवायला गेल्यास पान फाटते.

पानाच्या मधोमध, खिडकीच्या बाजूला, फिकट आणि कागदासारखा पातळ डाग पडला असेल तर तो थेट उन्हाचा आहे. पानाचा मोठा भाग आधी पिवळा पडून मग तपकिरी होत असेल, देठ बुडाशी मऊ लागत असेल आणि मातीला कुबट वास येत असेल, तर मुळे कुजली आहेत असे समजावे. अशा झाडाला आणखी पाणी देणे म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणे होय. पान धुळकटल्यासारखे, बारीक ठिपक्यांनी भरलेले दिसत असेल, तर ते उलटे करून शिरांच्या खोबणीत पाहावे. तिथे तलम जाळे आणि हलणारे बारीक ठिपके दिसले तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. उष्ण, कोरड्या महिन्यांत ती झपाट्याने वाढते. त्यासाठी पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुऊन काढावी आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून दर आठवड्याला संध्याकाळी फवारावे. कॅलाथियाची पाने नाजूक असतात, म्हणून आधी एकाच पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी.

आणखी एक खूण या कुळाची खास आहे. पानाचे पाते आणि देठ जिथे जुळतात, तिथे बोटाच्या पेराप्रमाणे किंचित फुगीर, गुळगुळीत सांधा असतो. त्यातल्या पेशींमधले पाणी कमी-जास्त होते तशी पाने रात्री वर उचलली जातात आणि सकाळी पुन्हा आडवी होतात. ही हालचाल नियमित चालू असेल तर मुळे शाबूत आहेत असे मानण्यास हरकत नाही. पाने भरदिवसा लांबीच्या दिशेने गुंडाळलेली राहत असतील, तर झाडाला पाणी मिळत नाही. त्यावेळी माती कोरडी आहे की ओली, हे बोट घालून पाहावे. माती ओली असूनही पान गुंडाळलेले असेल, तर मुळांना पाणी घेता येत नाही, आणि त्याचे कारण कूज किंवा अतिरिक्त क्षार यांपैकी एक असते.

पाणी : सर्वांत आधी तपासण्याची गोष्ट

घरात येणारे पाणी कुठले आहे हे पहिल्यांदा शोधावे. एकाच इमारतीत पिण्याचे पाणी नगरपालिकेचे, वापराचे पाणी बोअरचे आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर, अशी सरमिसळ सर्रास असते. धरणाचे पाणी साधारणपणे मृदू असते, तर बोअरचे पाणी खडकांतून झिरपताना क्षार घेऊन येते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे पेनासारखे छोटे यंत्र बाजारात स्वस्तात मिळते. घरात दहा-बारा नाजूक झाडे असतील तर ते जरूर घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २००० पर्यंत सूट आहे. याचा अर्थ माणसाला चालणारे पाणी कॅलाथियाला चालेलच असे नाही. माझ्या अंदाजाने आकडा २०० च्या खाली असेल तर निश्चिंत राहावे. त्याच्या पुढे आकडा जितका चढेल तितकी कड करपण्याची शक्यता वाढत जाते.

पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून झाडांना घालण्याची पद्धत शहरांत घरोघरी आहे. हेतू स्तुत्य आहे, पण यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच बादलीत उतरलेले असतात. यंत्र जितके कमी पाणी बाहेर टाकते, तितके ते बाहेर पडलेले पाणी अधिक खारे असते. मूळ पाणी धरणाचे असेल तर नुकसान कमी होईल. बोअरचे असेल तर ते पाणी मरांटाच्या कुंडीत मुळीच घालू नये. फरशी पुसणे, संडास धुणे यांसाठी ते उत्तम आहे.

दुसरी बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. बोअरचे कठीण पाणी मृदू करण्यासाठी काही सोसायट्यांनी सॉफ्टनर बसवलेला असतो. त्यात पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडले जाते. त्यामुळे नळावर पांढरे डाग पडत नाहीत आणि साबणाला फेस चांगला येतो, पण टीडीएसचा आकडा जवळपास तेवढाच राहतो आणि झाडाच्या दृष्टीने पाणी आधीपेक्षाही वाईट होते. बऱ्याच ठिकाणी बागेच्या नळाला सॉफ्टनरच्या आधीची जोडणी दिलेली असते. तशी सोय असेल तर झाडांसाठी तेच पाणी घ्यावे.

पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवावे, हा सल्ला क्लोरीनपुरता बरोबर आहे, कारण तो हवेत उडून जातो. फ्लोराइड, सोडियम आणि इतर क्षार जसेच्या तसे राहतात, आणि पाणी उकळल्यास ते उलट थोडे अधिक दाट होतात. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याचे सर्वज्ञात आहे. मरांटा व कॅलाथिया फ्लोराइडला संवेदनशील आहेत, त्यामुळे तिथे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी शिळे करून घालण्याचा काही उपयोग नाही.

मग पाणी कुठले घालावे? पावसाचे पाणी सर्वोत्तम. गच्चीची किंवा पत्र्याची पहिली एक-दोन सरींची घाण वाहून जाऊ द्यावी आणि नंतरचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे. झाकण नसेल तर डास होतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या वाफेचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि ऐन उन्हाळ्यात तर ते रोज आपोआप मिळते. एसीची सफाई केलेल्या दिवशीचे पाणी तेवढे टाळावे, कारण त्यात धुण्याचे रसायन उतरलेले असू शकते. यांपैकी काहीच नसेल तर आरओचे शुद्ध पाणी आणि नळाचे पाणी अर्धे-अर्धे मिसळून घालावे. पाच-सहा कुंड्यांसाठी एवढे पाणी काढणे कुठल्याही घराला परवडते.

पाणी बदलल्यावर आधीच साचलेले क्षारही काढावे लागतात. मातीच्या कुंडीच्या काठावर आणि बाहेरच्या बाजूला पांढरी, खरबरीत पुटे चढलेली असतात. प्लास्टिकच्या कुंडीत ती मातीच्या वरच्या थरावर दिसतात. हा वरचा सेंटिमीटरभर थर खरवडून टाकावा. मग कुंडी न्हाणीघरात ठेवून, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट, कमी क्षारांचे पाणी झारीने सावकाश, थांबत थांबत ओतावे आणि खालून पूर्ण निथळू द्यावे. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांतून एकदा हे करणे पुरेसे आहे. खालच्या बशीत उतरलेले पाणी लगेच फेकावे, अन्यथा कुंडी तेच खारे पाणी पुन्हा वर ओढून घेते.

पावसाळ्यात झाड सुधारते हे पाहून हवेतल्या ओलाव्यामुळेच फरक पडला असे म्हटले जाते. मात्र त्याच दिवसांत गॅलरीतल्या कुंड्यांवर पाऊस पडून मातीतले क्षारही धुऊन जात असतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच बदलतात. खरे कारण शोधायचे असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आत, छताखाली ठेवलेल्या आणि नेहमीचेच पाणी मिळणाऱ्या झाडाकडे पाहावे. हवा दमट असूनही त्याच्या कडा करपत असतील, तर दोष पाण्याचा किंवा मातीचा आहे.

माती आणि खत

बरीच शोभेची झाडे आंध्र प्रदेशातील कडियमसारख्या ठिकाणांहून लांबचा प्रवास करून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती अनेकदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात ओल टिकण्यासाठी तो उपयोगी असला, तरी घरातल्या कुंडीत तो बाहेरून कोरडा आणि आतून चिखल अशा अवस्थेत राहतो. नवे झाड आणल्यावर दोन आठवडे घराच्या हवेला रुळू द्यावे. त्यानंतर तो गोळा पाण्यात भिजवून, मुळे न तोडता, शक्य तेवढा सुटा करावा आणि झाड मोकळ्या मिश्रणात लावावे. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग धुतलेली जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे, असे मिश्रण चांगले चालते. समुद्रकाठची वाळू अर्थातच वापरू नये.

कोकोपीटबाबत एक सावधगिरी बाळगावी. नारळाच्या काथ्याचा हा भुसा किनारी भागांत तयार होतो आणि तो दाबून केलेल्या, नीट न धुतलेल्या विटेत मिठाचे प्रमाण बरेच असते. वीट फुगवल्यावर भुसा कापडात पिळून दोन-तीन पाण्यांनी धुवावा. पिळलेले पाणी चहासारखे गडद असेल तर आणखी एकदा धुवावे. पाणी चांगले असूनही नव्या मिश्रणात लावल्यापासूनच कडा करपू लागल्या असतील, तर पहिला संशय कोकोपीटवर घ्यावा.

खताविषयी फार सांगण्यासारखे नाही. वाढीच्या काळात, म्हणजे साधारण जून ते ऑक्टोबर, पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा, ओल्या मातीत द्यावे आणि हिवाळ्यात बंद करावे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइड असते, त्यामुळे ते या झाडांना देऊ नये. कड करपली म्हणजे झाड उपाशी आहे असे समजून खत वाढवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे.

हवा आणि उजेड

मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि विदर्भ-मराठवाड्यात स्थिती याहून बरी नसते. इतक्या कोरड्या हवेत पाणी निर्दोष असले तरी कॅलाथियाची नवी पाने अडकतात. फवारणीचा परिणाम काही मिनिटांत संपतो, आणि फवाऱ्यात बोअरचे पाणी असेल तर पानांवर पांढरे ठिपके राहतात ते वेगळेच. खड्यांच्या ताटाचा परिणाम इतका थोडा असतो की मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. त्यापेक्षा झाडे एकमेकांजवळ ठेवावीत, एसीचा झोत आणि पंख्याचा थेट वारा टाळावा, आणि खिडकी असलेले न्हाणीघर असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने त्यांना तिकडे हलवावे. लहान झाडासाठी पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा उलटा घालून दिवसातून एकदा हवा खेळू दिली, तर अडकलेली सुरळी आपोआप मोकळी होते.

उजेड भरपूर हवा, पण ऊन गाळून आलेले असावे. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन चालते, तर पश्चिमेकडचे दुपारचे ऊन तासाभरात पान भाजते. कंदासाठी लावलेले हिरवे आरारूट याला काहीसे अपवाद आहे. ते अर्ध्या सावलीत किंवा ५० टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली गच्चीवर उत्तम वाढते.

हिवाळ्यात आरारूट वाळत असेल तर

कंदाच्या आरारूटाबाबत दर हिवाळ्यात विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे. मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसानंतर पाच-सात सेंटिमीटर खोल लावलेले कंदाचे तुकडे दहा-अकरा महिन्यांत पक्व होतात, आणि लागवड लवकर झाली असेल तर डिसेंबर-जानेवारीपासूनच पाने पिवळी पडून खोड लोळू लागते. हा रोग नाही, पीक तयार होत असल्याची खूण आहे. घाबरून यावेळी पाणी वाढवले तर पक्व कंद मातीतच कुजतात. कड करपणे आणि झाड झोपणे यांतला फरक सोपा आहे. करपलेल्या पानाचा मधला भाग हिरवाच राहतो, तर पक्व झाडाचे संपूर्ण पान एकसारखे पिवळे होते आणि तेही खालून वर, क्रमाक्रमाने.

पाने पूर्ण पिवळी झाली की पाणी थांबवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी कुंडी उलटी करून कंद काढावेत. ते पांढरट, लांबट, पेरेपेरे असलेले आणि पातळ खवल्यांनी झाकलेले असतात. डोळे असलेले टोकाकडचे तुकडे पुढच्या लागवडीसाठी सावलीत, किंचित ओलसर वाळूत ठेवावेत. पुढच्या वर्षी तीच माती वापरण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे धुऊन, तिच्यात निम्मे नवे खत-मिश्रण घालावे. वर्षभर बोअरचे पाणी प्यायलेल्या मातीत नवे कोंब लहानपणीच करपतात.

फरक पडला हे कसे ओळखावे

मेलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे पाहून उपायाची परीक्षा करू नये. पाणी बदलल्यानंतर उलगडलेल्या पानांच्या देठाला दोरा बांधून ठेवावा आणि दोन महिन्यांनी फक्त तीच पाने तपासावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणी, माती आणि जागा एकाच आठवड्यात बदलल्यास सुधारणा झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच गोंधळ नव्याने सुरू होतो. दिसायला वाईट वाटत असेल तर करपलेली कड धारदार कात्रीने पानाच्या मूळ आकाराप्रमाणे कापावी, पण तपकिरी रंगाची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवावी. हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा नवी कड वाळते.

हे सारे करूनही घरचे पाणी खारे आणि हवा कोरडी असेल, पावसाचे किंवा एसीचे पाणी साठवणेही शक्य नसेल, तर झाडाची निवड बदलणे अधिक शहाणपणाचे आहे. कॅलाथिया ऑर्बिफोलिया आणि पांढऱ्या छटांची व्हाइट फ्यूजन ही या कुळातली सर्वांत नखरेल झाडे आहेत. टेनॅन्थे त्यांच्यापेक्षा बरेच सोशीक आहे, आणि पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचे शोभेचे आरारूट तर गॅलरीत, साध्या मातीत, बेताच्या पाण्यावरही तग धरते.